दार लावलेले शब्द

इंग्रजी शब्दखेळांचा नाद लागलेली माणसं शब्द अर्थावरून गोळा करत नाहीत, अक्षरांच्या माळेवरून करतात. शेवटी 'मंगर' असलेले शब्द घ्या. फिशमंगर मासे विकतो, आयर्नमंगर लोखंडी सामान, आणि कॉस्टरमंगर हातगाडीवर फळं-भाजी. त्यातला 'कॉस्टर' म्हणजे कॉस्टर्ड नावाचं जुन्या वाणाचं मोठं सफरचंद, एवढं कळलं की शब्दाची गाठ सुटते. अशीच शेवटी डी, ए, आर असलेल्या शब्दांची माळ ओढली, तर आधी सीडार, रडार, कॅलेंडर असे ओळखीचे चेहरे येतात. आणखी ओढली की मात्र गंमत होते. हॅविल्डार, जेमादार, रिसालदार, सिलादार, किलादार, चोबदार, सर्दार, झेमिनदार, तालुकदार असे एकामागून एक शब्द बाहेर पडायला लागतात. इंग्रजाच्या लेखी हे जुने, दुर्मिळ, अडगळीतले शब्द. जालन्याच्या किंवा हिंगोलीच्या माणसाला यातले निम्मेअधिक कोश न उघडता कळतात, कारण ते गेलेच इकडून. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश छापला, त्यात यातले बहुतेक आहेत.

आणि इकडे ते अडगळीत नाहीत. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसावं. गुत्तेदाराचं बिल अडकलंय, जामीनदार सही करायला तयार नाही, रेशन दुकानदाराची तक्रार आहे, भोगवटादाराच्या रकान्यात चुलत्याचं नाव राहिलंय, आणि हे सगळं आमदाराच्या कानावर घालायचंय. या एका दमात पाच वेळा 'दार' झालं. इतक्या वेळा वाजूनही ते ऐकू येत नाही. रोजच्या शब्दांचं असंच असतं.

हे 'दार' फारसी आहे. फारसीत 'दाश्तन' म्हणजे बाळगणं, जवळ असणं, धरणं. त्याचं वर्तमानकाळी अंग 'दार'. संस्कृतातला 'धृ' धातू आणि हे अंग एकाच जुन्या मुळाची दोन पोरं. फारसीकडे 'ध' उरला नाही, त्याचा 'द' झाला, एवढाच फरक. म्हणून इराणचा जो सम्राट इंग्रजीत डरायस म्हणून ओळखला जातो, त्याचं मूळ नाव 'दारयवउश', म्हणजे चांगलं ते घट्ट धरून ठेवणारा. इंग्रजी माळेत शोधायला गेलं तर सगळ्यांत जुना 'दार' या राजाच्या नावात सापडतो. आणि आपल्याकडे चक्रधर, गंगाधर, सूत्रधार हे त्याचेच चुलतभाऊ. मराठीतलं 'धरणे' हे क्रियापदही त्याच घरातलं. पैठणजवळ गोदावरीचं पाणी अडवून धरतं म्हणून जायकवाडीला 'धरण' म्हणायचं आणि हवाला धरतो म्हणून 'हवालदार' म्हणायचं, यात मुळाच्या हिशेबाने काही अंतर नाही.

ही ओळख पटली की असल्या शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: हातात काय आहे? किल्लेदाराच्या हातात किल्ला, सुभेदाराच्या हातात सुभा. चोपदाराच्या हातात 'चोब', म्हणजे काठी. तहसीलदाराच्या हातात 'तहसील', म्हणजे वसुली. ऑफिसची इमारत नंतरची. जबाबदाराकडे जबाब, म्हणजे उत्तर, असतं. खबरदार म्हणजे ज्याच्याकडे खबर आहे तो, म्हणून सावध. पोतदाराच्या बाबतीत लोक 'पोतं सांभाळणारा' असं सांगून मोकळे होतात. ते ऐकायला छान वाटतं, पण मूळ शब्द 'फोतादार' आहे आणि 'फोता' म्हणजे खजिन्याची थैली, वसुलाची रक्कम. आपल्या पोत्याशी त्याची गाठ कानानं घातली आहे.

पण 'दार' दिसलं की लगेच हा प्रश्न विचारायला गेलो तर फसगत होते. कारण मराठीत 'दार' नावाचे निदान पाच वेगळे इसम फिरतात. एक हा फारसी. दुसरं आपलं घराचं दार, ते संस्कृत 'द्वार'. तिसरं अरबी 'दार', म्हणजे घर किंवा ठिकाण: दारुल उलूम, आफ्रिकेतलं दार-एस-सलाम, आणि हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी पुस्तकं उर्दूत आणणारं भाषांतराचं खातं, दारुल तर्जुमा. चौथं संस्कृत 'दारु', म्हणजे लाकूड, ते देवदारात आहे. पाचवं 'दार' किंवा 'दारा', म्हणजे बायको. ते आता कीर्तनातल्या 'परदारा'पुरतं उरलंय. शिवाय फारसी 'दारू' आहेच. तिचा मूळ अर्थ औषध. तो 'दवादारू'त अजून शाबूत आहे, 'दारूगोळ्या'त उडून गेला, आणि उरलेल्या अर्थाबद्दल सांगायला नको.

मग फारसी 'दार' ओळखायचं कसं? पहिली चाचणी अगदी सोपी. 'दार' कापून काढायचं आणि उरलेला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते बघायचं. ठेका, गुत्ता, जमीन, कर्ज, इमान उभे राहतात. 'उदार'मधला 'उ' आणि 'केदार'मधला 'के' कोसळतात, म्हणजे ते शब्द या घरचे नाहीत. दुसरी चाचणी सांध्याची. तुकडा आकारान्त असला तर तो बहुधा वाकतो: ठेका-ठेकेदार, गुत्ता-गुत्तेदार, दावा-दावेदार, हिस्सा-हिस्सेदार. ही चाचणी मात्र शंभर टक्के चालत नाही. हवाला आणि रिसाला यांचा शेवटचा स्वरच गळून हवालदार, रिसालदार होतं. 'जमा' वाकायला तयार नाही. सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार'ही ताठ उभा आहे. तो बोलीत घडलेला असता तर 'भोगवटेदार' झाला असता. हा शब्द टेबलावर बसून जुळवलाय, असा माझा अंदाज आहे.

तिसरी चाचणी पुढे 'ई' लावायची. सुभेदारी, ठेकेदारी, जबाबदारी, इमानदारी अशी भाववाचक नामं झाली की काम झालं. इथेच एक खड्डा आहे. 'परसदारी तुळस' म्हटलं की 'परसदारी' दिसायला 'सुभेदारी'सारखीच दिसते, पण ती जुनी सप्तमी आहे, परसाच्या दाराशी. 'घरदार'ही असाच. घर आणि दार असा तो जोडशब्द आहे. घर बाळगणारा कोणी घरदार नसतो. चौथी चाचणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते: 'दार' काढून 'धारक' बसवून बघायचं. खातेदार-खातेधारक, पट्टेदार-पट्टाधारक, परवानेदार-परवानाधारक. धातू तोच असल्यामुळे तो चपखल बसतो. मात्र बसला म्हणून अर्थ तोच राहतो असं नाही. भागधारक कंपनीचे शेअर बाळगतो, भागीदार धंद्यात उतरतो; पहिल्याचं नुकसान शेअरच्या रकमेपुरतं, दुसऱ्याचं घरापर्यंत येऊ शकतं.

इंग्रजी माळेलाही याच चाळणीतून काढावं लागतं. रडार हा तर शब्दच नव्हे, रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग या शब्दांची आद्याक्षरं. पूर्व युरोपातल्या वालेकिया आणि मोल्दाव्हियाच्या राजांना 'हॉस्पोदार' म्हणत. शेवट अगदी सुभेदारासारखा, पण तो स्लाव्ह भाषांतला 'गोस्पोदार', म्हणजे धनी. सगळ्यांत मौजेची जोडी सीडार आणि डिओडार यांची. दोन्ही झाडं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच 'सीड्रस' वंशातली, दोन्ही नावांच्या शेवटी तीच तीन अक्षरं, आणि तरी नावांचं नातं शून्य. एक ग्रीक 'केद्रोस'वरून आलं, दुसरं आपलं देवदारू, देवाचं लाकूड.

आता सिलादार. हा शब्द इंग्रजी लष्करी पुस्तकांत बराच काळ नांदला, आणि त्याचं घर दख्खनमध्ये आहे. 'सिलाह' म्हणजे हत्यारं, ती बाळगणारा सिलाहदार, त्याचा मराठीत शिलेदार. शिवकाळात शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. पागेची उतरंड 'दार'वरच रचलेली होती: २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमलेदारांवर एक हजारी. गुणाकार केला तर १,२५० भरतात, पण नाव हजारीच. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावं मिळाली आणि मुजुमदार अमात्य झाला. पागेतल्या हवालदाराला मात्र कोणी हात लावला नाही. वरच्या खुर्च्यांची नावं बदलणं सोपं असतं.

इंग्रजांनी शिलेदाराचा शब्दच नव्हे, अख्खी पद्धत उचलली. निजामाच्या मुलखात इंग्रज अंमलदारांखालची जी हैदराबाद कंटिंजंट फौज होती, तिच्या छावण्या हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. तिचं घोडदळ शिलेदारी. सरकार पगार देई, आणि पुढच्या काळात बंदूक आणि दारूगोळा. घोडा, खोगीर, कपडे, चारा, तंबूची व्यवस्था, सगळं स्वाराच्या पगारातून. भरती होताना स्वार घोडा आणी किंवा घोड्याच्या किमतीची अनामत भरी. त्याच्या या जागेला इंग्रज 'अ‍ॅसामी' म्हणत. हा आपला 'असामी'! 'बडी असामी' मध्ये आपण जो माणूस बघतो, तो फौजेच्या वहीत एक जागा होता, आणि त्या जागेला किंमत होती. ती विकता येई. पैसेवाला माणूस एकापेक्षा जास्त असाम्या बाळगे आणि त्यांवर बारगीर बसवी; म्हणजे घोडा त्याचा, स्वारी दुसऱ्याची, आणि पगारातला फरक मालकाचा. घोडे मेले तर नवे घ्यायला सगळ्यांच्या पगारातून कापून 'चंदा' निधी ठेवलेला असे.

शांततेच्या काळात ही पद्धत स्वस्त आणि चोख होती. बिघडायची ती मोठ्या लढाईत. घोडा हीच स्वाराची पुंजी असल्यामुळे त्याला तो धोक्यात घालवत नसे, आणि चाऱ्यात काटकसर केली की वाचलेला पैसा स्वतःचाच. घोडे भराभर पडायला लागले की चंदा निधी आटे, आणि प्रत्येक रेजिमेंटचं सामान वेगळं असल्यामुळे एकीचं दुसरीला लागू पडत नसे. पहिल्या महायुद्धात हे सगळं एकदम अंगावर आलं आणि युद्धानंतरच्या पुनर्रचनेत शिलेदारी संपली. शब्द इंग्रजी कोशात राहिला, जुना म्हणून. मराठीत शिलेदाराला बढती मिळाली. निवडणुकीच्या बातम्यांत प्रत्येक नेत्याचे शिलेदार असतात. त्यांचे घोडे कोणाच्या खर्चाने चालतात हे शब्दावरून कळायला आता मार्ग नाही.

महसुलाच्या कागदांत हेच शब्द जास्त घात करतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती. त्या काळचा कागद हातात आला आणि त्यात 'अव्वल तालुकदार' दिसला, तर आजचा वाचक त्याला तालुक्याचा अधिकारी समजतो. तो जिल्ह्याचा प्रमुख, आजचा कलेक्टर. त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार. तालुक्याला तहसीलदारच. आणि हाच 'तालुकदार' इंग्रजी कोशात शोधला तर अवधचा बडा जमीनमालक भेटतो. कागद औरंगाबाद सुभ्याचा आणि अर्थ लखनौचा लावला की सगळं प्रकरण उलटं होतं. 'जमीनदार'चंही तसंच. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्यानंतर जमीनदार म्हणजे सारा भरणारा मालक. दख्खनच्या जुन्या कागदांत जमीनदार म्हणजे बहुधा देशमुख-देशपांडे, परगण्याचे वतनी अधिकारी. आणि आजच्या बोलण्यात भरपूर शेती असलेला कोणीही. त्याला एक काना दिला की जामीनदार होतो. जमीनदाराकडे जमीन असते, जामीनदार सोसायटीच्या कर्जाला दुसऱ्यासाठी स्वतःची गुंतवून बसतो. हा काना वाचताना चुकला तर कर्ज कोणी घेतलं आणि हमी कोणी दिली याचीच अदलाबदल होते.

या कागदांतला माझा सगळ्यांत आवडता शब्द 'शिकमीदार'. हैदराबाद संस्थानच्या १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्यात पट्टेदार, पोटपट्टेदार, शिकमीदार, आसामी शिकमी अशा पायऱ्या येतात. (फसली सनात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू होतं तो मिळतो, १३१७ म्हणजे १९०७-०८. सरसकट मिळवून मोकळं होऊ नये, फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त महिने पुढच्या सनात पडतात.) 'शिकम' म्हणजे फारसीत पोट. पट्टेदाराच्या पोटात ज्याचा हक्क आहे तो शिकमीदार. आपण 'पोटभाडेकरू', 'पोटहिस्सा' म्हणतो ती प्रतिमा तीच. आणि आसामी पुन्हा इथे आहेच, या खेपेला घोड्याऐवजी वावरावर.

'मक्ता' म्हणजे ठरावीक रकमेवर लावून दिलेलं गाव किंवा जमीन. ते घेणारा मक्तेदार. 'मिरास' म्हणजे वारसा; वंशपरंपरेने जमीन कसणारा मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी. आज 'मक्तेदारी' आणि 'मिरासदारी' हे दोन्ही शब्द अग्रलेखांत एकाच अर्थाने, म्हणजे दुसऱ्याला शिरू न देणं या अर्थाने, वापरतात. मुळात एकात करार आहे आणि दुसऱ्यात रक्त. उपरी मात्र जसाच्या तसा राहिला. ठेकेदाराला पुण्या-मुंबईकडे कंत्राटदार म्हणतात, आपल्याकडे गुत्तेदार. रस्ता खचला की 'गुत्ता कोणाचा होता' हा प्रश्न नांदेडपासून बीडपर्यंत एकाच सुरात ऐकू येतो.

जुना उर्दू कागद वाचताना 'दार' शोधायची एक खूण सांगण्यासारखी आहे. उर्दू लिपीत बहुतेक अक्षरं पुढच्या अक्षराला जोडली जातात. दाल, अलिफ आणि रे ही तिन्ही जोडली जात नाहीत. त्यामुळे 'दार' एकमेकींपासून सुट्या तीन रेघांत येतं, फार तर पहिली मागच्या अक्षराला चिकटते: एक कोनासारखी वाकडी, एक उभी, एक खाली उतरती. नीट लिहिलेल्या कागदात शब्दाच्या शेवटी ही त्रिकुटं डोळ्यात भरतात आणि लिपी पुरती येत नसलेल्यालाही हुद्दे कुठे आहेत ते सापडतात. अडचण येते शिकस्ता वळणात. तिथे लिहिणारा घाईत न जोडायची अक्षरंही जोडतो, आणि दाल, रे, वाव एकमेकांसारखी दिसायला लागतात. मग शेवटी 'दार' आहे की 'वार' हे कळत नाही. 'वार'ही बाळगण्याचाच एक प्रत्यय आहे. उमेदवार म्हणजे ज्याच्याकडे उमेद आहे तो, तालेवार म्हणजे ज्याचं नशीब जोरावर आहे तो. देगलूर-किनवटकडच्या आडनावांतला 'वार' या दोघांत मिसळू नये. तो तेलुगूतल्या आदराच्या 'वारु'चा आहे. मोडी कागदात वेगळीच तऱ्हा. तिथे ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद नसतो आणि शब्दांमध्ये मोकळी जागाही नसते, त्यामुळे कुठे एक शब्द संपला हे 'दार' सापडल्यावरच कळतं.

हुद्द्यांची घसरगुंडी हा स्वतंत्र विषय आहे, थोडक्यात आटपतो. शिवकाळात गडावरच्या तीन मुख्य अधिकाऱ्यांत हवालदार एक होता. आज तो पोलीस ठाण्यातला हेड कॉन्स्टेबल. मोगलाईत फौजदार म्हणजे मुलुख सांभाळणारा लष्करी अधिकारी, आता बोलीत पीएसआय. जमादार तर कुठल्या कुठे गेला. भारतीय सैन्यात १९६५ पर्यंत हा हुद्दा होता, मग त्याचं 'नायब सुभेदार' केलं, कारण उत्तरेकडच्या शहरांत जमादार म्हणजे झाडूवाला असा अर्थ रुळला होता. उलट 'सरदार' इंग्रजीत चढत गेला. इजिप्तच्या सैन्याच्या ब्रिटिश सरसेनापतीला 'सर्दार' म्हणत. १८९२ पासून किचनर त्या पदावर होता. आणि हिमालयातल्या मोहिमांत शेर्पांच्या म्होरक्याला अजूनही सर्दार म्हणतात. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत तेनझिंग नोर्गे सर्दार होता. एकाच शब्दाने एकाला फौज दिली आणि एकाला हमालांची हजेरी.

मराठीने पुढे या 'दार'शी मनमानी केली ती मला फार आवडते. साक्षी म्हणजे संस्कृतात साक्ष देणारा माणूसच; आपण त्याला 'दार' लावून साक्षीदार केला. भागी म्हणजे भाग असलेला, त्याचा भागीदार. वारस म्हणजे वारसा मिळणारा, त्याचा वारसदार. तिन्ही ठिकाणी माणूस आधीच आत होता, वरून दार लावलं. 'हातात काय?' हा प्रश्न इथे अडखळतो. आणि आमदार-खासदार तर व्याकरणाला न विचारता जन्मले. 'आम' म्हणजे सर्वसाधारण आणि 'खास' म्हणजे विशेष. ही विशेषणं, ती कोणी बाळगू शकत नाही. पण विधायक आणि सांसद हे हिंदी शब्द शेजारी ठेवले की आमदार, खासदार किती सोपे आणि जिभेवर किती हलके, ते कळतं. 'मतदार'ही तसाच, संस्कृत मत आणि फारसी दार. त्याच्याकडे मात्र बाळगायला खरंच काहीतरी आहे.

नव्या धंद्यांना मात्र 'दार' लागत नाही. गॅसवाला, रिक्षावाला, केबलवाला, टँकरवाला. कोणी टँकरदार होत नाही. 'दार'ला हक्क, हुद्दा किंवा अंगचा गुण लागतो, विकण्याचं काम 'वाला' करतो. म्हणून पाणीवाला आणि पाणीदार हे दोन शब्द एकमेकांच्या आसपासही नाहीत. उन्हाळ्यात लातूरच्या गल्लीत पाणीवाल्याची वाट बघतात. पाणीदार असतात ते देवणी बैलाचे डोळे. गुणांचं हे 'दार' अजून चांगलं चालतं. वशिंड डौलदार, तूप दाणेदार, शिंगं टोकदार, हिमरूची शाल बुट्टेदार, हुरड्यासोबतची चटणी चवदार. एखादं कणीस भरलेलं आहे हे सांगायला दुसरा इतका आटोपशीर प्रत्यय मराठीकडे नाही.

सालदार हा शब्द मात्र चाचण्यांत पास होऊनही खोटं बोलतो. पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला सुटतं, असं वर्षभर एका शेतकऱ्याकडे राबणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात. मराठवाड्यात सालगडी जास्त चालतो. रोख रक्कम किती, धान्य किती, उचल किती, सगळं त्या दिवशी तोंडी पक्कं होतं. 'दार' कापलं, 'साल' उभं राहिलं, 'सालदारी'ही झाली. हातात काय, तर वर्ष, असं शब्द म्हणतो. पण सालानं राहिलेल्या गड्याचं वर्ष ज्याच्या हातात असतं तो दुसराच.

आणि एक शब्द असा आहे ज्याच्या हातात काही नाही असं तो स्वतःच सांगतो. 'नादार'. फारसी 'ना' आणि 'दार', न बाळगणारा. मालदाराच्या बरोबर समोर उभा. जुन्या कायद्याच्या मराठीत नादार म्हणजे दिवाळखोर, नादारी म्हणजे दिवाळखोरी. पण शाळेत हा शब्द फीमाफीसाठी होता. 'नादारी मिळाली' म्हणजे फी माफ झाली. त्या शब्दाचा अर्थ वर्गातल्या पोरांना ठाऊक नसे, मिळाली एवढंच कळे. आता 'नादारी' जाऊन 'सवलत' आलीय. उत्पन्नाचा दाखला मात्र तिला लागतोच, आणि तो अजूनही तहसीलदाराच्या सहीनेच मिळतो.